येऊन राहिलो

हंसापुरीच्या दुकानात तक्रारींची वही
निमजेकाका मोटरीखाली टेकण म्हणून ठेवायचे.
मोटर सरळ बसायची.
पानं तेलाने इतकी पारदर्शक झालेली
की मागच्या उन्हाळ्यातला जरीपटका
यंदाच्या मानेवाड्यातून दिसायचा.

फेब्रुवारीत कूलरचा धंदा गार असतो.
मी वही ओढून काढली.
मोटर कलंडली. काका बोलले नाहीत,
नुसतं मोटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दोनशे सोळा नोंदी. अक्षर माझंच.
फोन मी उचलते, "लिहून घेतलं" म्हणते
आणि खरंच लिहून घेते.
एवढंच माझं काम, असं सहा वर्षं धरून चाललेले.

पंप बंद. गादी ओली. ताटीला वास.
पंप.
पुन्हा पंप.
रेशीमबागेतल्या एक बाई:
"तुमचा माणूस तीन दिवसांपासून येऊन राहिला आहे.
कुठवर आला, तेवढं तरी सांगा."

शटर अर्धं ओढून त्याच्या आतल्या अंगावर
मी खडूने काढायला घेतलं.
फोन. फोनपासून चिठ्ठी.
चिठ्ठीपासून परातेंचा खिसा.
पत्र्याच्या पन्हाळींवरून रेघ उड्या मारत गेली
आणि खिशापाशी थांबली.
"इथून पुढे कुठे जाते हो?"
परातेंनी ताटीतली एक काडी उपसली, दातात धरली.
"घरी," म्हणाले. "मंग बायको पँट धुते."

मग काडी थुंकून:
"मी का कामचोर आहो का?"
मी ओल्या फडक्याने 'पराते' पुसलं.
नुसता 'खिसा' ठेवला.
ते बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत होते,
मग स्वतःच खडू घेऊन त्यापुढे एक खिळा काढला,
आणि भिंतीत एक खरा ठोकला.
चिठ्ठ्या आता तिथे.

ओल्या गाद्या बहुतेक शनिवारच्या निघाल्या.
शनिवारी स्टँड दुसऱ्या रिक्षाने जातो, उशिरा.
तोवर कूलर खुर्चीवर,
खुर्ची पलंगाकडे झुकलेली.
सहा वर्षं आम्ही टाकीची पत्रा-जोडणी बदलत होतो.

एक नोंद मात्र कुठल्याच बाणाला लागेना.
त्रिमूर्तीनगर, ढोबळे, मे महिना:
"कूलर चांगला आहे. थंडावाही आहे.
पण चालू असला की आईची हाक ऐकू येत नाही
आणि बंद केला की ती झोपत नाही."
पुढे माझ्याच अक्षरात:
तक्रार नाही.

त्या दोन शब्दांवर मी
खडूची धूळ पडू दिली.

आता फोनवर पत्त्याच्या आधी विचारते,
खोलीत कोण झोपतं?
काका वैतागतात: "आपन कूलर देतो का जनगणना करतो?"
पण लोक सांगतात. एवढं सांगतात
की समासही पुरत नाही.
बाळंतीण. रात्रपाळीचा मुलगा, दिवसा झोपतो.
कोणी नाही, कुत्रं.

ढोबळ्यांकडे पराते परवा जाऊन आले.
बुश बदलला, पंख्याला वंगण घातलं.
बिलात तेवढंच आहे.
सायकलची एक जुनी घंटी
खाटेच्या दांडीला बसवून आले, हे
मला ढोबळ्यांच्या फोनवरून कळलं.
ती कुठल्या रकान्यात लिहायची, ठरलेलं नाही.

नवतपा लागलाय. फोन तापून हातात धरवत नाही.
पराते "येऊन राहिलो" म्हणाले की मी विचारते, कुठवर?
"मेडिकल चौक," ते सांगतात,
आणि मागे खरोखरच हॉर्न वाजत असतात.

सकाळी शटर वर गेलं की
सगळा नकाशा गुंडाळून डोक्यावर जातो.
रात्री ओढलं की उलगडतो, रोज थोडा पुसट,
काही रेघा मी पुन्हा गिरवते, काही सोडते.
पंपाचा बाण अजून कुठेच पोचलेला नाही.
तो येऊन राहिला आहे.